वाचनालयाची लॅब, वीस मशिनी, चार लिनक्स: माझ्या नोंदी

२९ नोव्हेंबर २०२५, शनिवार

मशिनी (म्हणजे कॉम्प्युटर) आल्या एकदाच्या. वीस. एक ऑफिस बंद होत होतं त्यांनी वाचनालयाला देऊन टाकल्या, टेम्पो रामबागेच्या गल्लीत उलटा घालताना ड्रायव्हरनं मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. सोळा आय३ चौथ्या पिढीच्या, ४ जीबी रॅम, ५०० जीबी डिस्क. बाकी चार कोअर टू डुओ, त्या बघून काकू (ग्रंथपाल) म्हणाल्या ह्या कशाला घेतल्यास रे, पण फुकट ते पौष्टिक.

कोणाला काय पाहिजे ते लिहून ठेवतो नाहीतर विसरेन. वाचक आणि कॅटलॉगसाठी आठ डेबियन (पुढची चारही नावं लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची, म्हणजे डिस्ट्रोंची). पोरांच्या पायथनच्या वर्गाला सहा उबुंटू. संध्याकाळच्या सिस्टिम ॲडमिनच्या बॅचला चार रॉकी (रेड हॅटशी जुळणारं), कारण इंटरव्ह्यूत रेड हॅटच विचारतात. आणि दोन ओपनसुसे, कारण बँकेतून रिटायर झालेले काका गेली वीस वर्षं तेच वापरतायत आणि स्विचचे (सगळ्यांच्या केबली जिथे जोडतात त्या डब्याचे) पैसे त्यांनीच दिलेत, त्यामुळे ह्यावर चर्चा नाही.

बॅच दर दोन महिन्यांनी बदलणार, म्हणजे मशिनी परत परत कोऱ्या कराव्या लागणार. पेनड्राइव्ह घेऊन वीस खुर्च्यांवर बसायचं माझं वय गेलं. मशीन चालू केलं, एफ१२ दाबलं, मेनूतून नाव निवडलं, चहा प्यायला गेलो, परत आलो तर तयार, एवढंच पाहिजे.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिल्याच दिवशी घोळ. माझा जुना डेस्कटॉप सर्व्हर केला, डेबियन टाकलं, डीएनएसमास्क टाकलं (डीएचसीपी म्हणजे मशिनींना आयपी पत्ते वाटणं, टीएफटीपी म्हणजे बूटच्या फाइली पाठवणं, दोन्ही एकातच होतं म्हणून हे आवडतं), आणि उत्साहात हॉलच्या भिंतीतल्या पॉइंटला जोडून दिलं. तो पॉइंट खालच्या मजल्यावरच्या कार्यालयाच्या राउटरला जातो हे डोक्यातच नाही आलं. अर्ध्या तासात खालून माणूस वर, म्हणे भिया क्या कर दिया, प्रिंटर भी नहीं चल रा नेट भी नहीं. त्यांची मशिनी माझ्याकडून आयपी घेऊन बसली होती. हात जोडले, केबल काढली.

मग डीएनएसमास्क प्रॉक्सी मोडमध्ये चालवून बघितलं. ह्यात आयपी मूळ राउटरच देतो, आपण फक्त बूट फाइल कुठे आहे तेवढं कानात सांगायचं. कोअर टू डुओवर मस्त चाललं. आय३ यूईएफआयवाल्या आहेत (मशीन सुरू करणारं नवं फर्मवेअर, जुनं ते बायॉस), त्यातल्या अर्ध्या प्रॉक्सीचं ऐकायलाच तयार नाहीत. दोन तास घालवून सोडून दिलं. सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड लावायचं, लॅबचं नेटवर्क पूर्ण वेगळं, डीएचसीपी सगळं आपलं. उद्या सिल्व्हर मॉलमधून कार्ड आणतो.

३ डिसेंबर

कार्ड आणलं, लावलं, चाललं. काकांच्या पैशातून घेतलेला सेकंडहँड मॅनेज्ड स्विच पण लावला.

आता नवी गंमत. मशीन चालू केलं की पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करायची मशीनमधलीच सोय) म्हणतं डीएचसीपी शोधतोय, टिंब टिंब टिंब, मग टाइमआउट. सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच नाही, म्हणजे आवाज पोचतच नाहीये. तेच मशीन साध्या पाचशे रुपयांच्या स्विचवर लावलं की लगेच चालतं. डोकं खाजवत बसलो आणि मग पेटलं: स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचं चक्र होऊ नये म्हणून स्विच घेतो ती काळजी. स्विचला पोर्टवर लिंक आली की तो आधी पंधरा सेकंद ऐकतो, मग पंधरा सेकंद शिकतो, आणि मग वाहतूक सोडतो. तोपर्यंत बिचारं पीएक्सई हाका मारून दमून गेलेलं असतं. सगळ्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता सोडणं) चालू केलं, संपलं. पीएक्सईचं २.१ स्पेक १९९९चं आहे, इंटेलचं, त्या काळाच्या मानानं तो धीर धरतो तेवढं पुष्कळ.

६ डिसेंबर, शनिवार

आज पूर्ण दिवस मिळाला. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन बसलो ते रात्री गराडू खायला सराफ्यात गेलो तेव्हाच उठलो.

बूटची साखळी अशी ठरवली. मशीनचं स्वतःचं पीएक्सई टीएफटीपीवरून फक्त आयपीएक्सई (पीएक्सईचाच जास्त हुशार भाऊ) उचलणार, आणि पुढचं सगळं आयपीएक्सई एचटीटीपीवरून आणणार. टीएफटीपीवर मोठं काही ठेवायचंच नाही, कारण तो मूळचा ५१२ बाइटचा तुकडा पाठवतो, पोचपावती येईपर्यंत थांबतो, मग पुढचा तुकडा. मनीऑर्डरसारखं. ब्लॉकचा नंबर १६ बिटांचा, त्यामुळे मुळात ३२ एमबीच्या वर गाडी जातच नव्हती, नंतर ब्लॉक मोठा करायची सोय आली म्हणून चालतंय. उबुंटूचा इनिटआरडी (बूट होताना आधी रॅममध्ये चढणारी फाइल) मजा म्हणून टीएफटीपीनं खेचून बघितला, तेवढ्यात काकूंनी चहा करून आणला, प्यायलो, कप धुतला, तरी चालूच. तीच फाइल एनजिनएक्सवरून (एचटीटीपीचा सर्व्हर) काही सेकंदात.

बायॉस आणि यूईएफआयला वेगळी फाइल लागते. मशीन डीएचसीपी मागताना ९३ नंबरच्या ऑप्शनमध्ये आपली जात सांगतं, शून्य असेल तर बायॉस, सात असेल तर ६४ बिट यूईएफआय, त्यावरून डीएनएसमास्कमध्ये टॅग लावला. आणि अपेक्षेप्रमाणे चक्रात अडकलो: आयपीएक्सई चालू झालं की तेही परत डीएचसीपी विचारतं, सर्व्हर परत त्याला आयपीएक्सईच देतो, ते परत चालू होतं, परत विचारतं. गोल गोल. आयपीएक्सई विचारताना १७५ नंबरचा ऑप्शन पाठवतं, तो दिसला तर मेनूची स्क्रिप्ट द्यायची, नाही दिसला तर आयपीएक्सई द्यायचं. दोन ओळी. माहीत असूनही दर वेळी एकदा गोल फिरल्याशिवाय मला ह्या आठवत नाहीत.

सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारं कुलूप) सगळीकडे बंद केलं, माझं आयपीएक्सई सही केलेलं नाही. सोळा मशिनींच्या बायॉसमध्ये जाऊन. हे काही ऑटोमेट होत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आज एक मोठी हुशारी केली. चारही डिस्ट्रोला उत्तरांची फाइल लागते, डेबियनची प्रीसीड, उबुंटूची ऑटोइन्स्टॉल, रॉकीची किकस्टार्ट, ओपनसुसेची ऑटोयास्ट. म्हटलं एकच मुख्य फाइल लिहू, त्यात युजर, पासवर्ड, टाइमझोन, डिस्क कशी कापायची, पॅकेज कुठले, हे सगळं एकदाच लिहायचं, आणि पायथनची स्क्रिप्ट त्यातून चारही फाइली काढेल. रात्री एकपर्यंत ३४० ओळी लिहिल्या. सुंदर दिसतंय.

११ डिसेंबर

डेबियनपासून सुरुवात. डेबियन १३. लगेच अडकलो, इन्स्टॉलर म्हणतो कर्नल मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडायचे तुकडे) सापडत नाहीत. नेटबूटचा कर्नल मी ऑक्टोबरात उतरवून ठेवला होता, मधे पॉइंट रिलीज (छोटी सुधारित आवृत्ती) आलं, आर्काइव्हमधले मॉड्यूल नव्या कर्नलचे झाले, माझा कर्नल जुना राहिला. दोघांची ओळखच नाही. नवीन उतरवलं. आता क्रॉन लावलाय, दर आठवड्याला आपोआप ताजं येतं.

मग दुसरी गोष्ट, ही समजायला वेळ लागला. प्रीसीड फाइल नेटवर्कवरून येते, म्हणजे आधी नेटवर्क उभं पाहिजे, पण भाषा, कीबोर्ड, होस्टनेम हे प्रश्न इन्स्टॉलर त्याच्या आधीच विचारून मोकळा होतो. फाइलीत उत्तर लिहिलेलं असूनही स्क्रीनवर प्रश्न. कर्नलच्या ओळीत ऑटो आणि प्रायोरिटी क्रिटिकल दिलं की तो ते प्रश्न नंतरवर ढकलतो. होस्टनेम तर डीएचसीपीनं दिलेलं तोच खरं मानतो, फाइलीतलं नाही. हे मात्र आपल्या सोयीचं, डीएनएसमास्कमध्ये प्रत्येक मॅक ॲड्रेसपुढे (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) नाव लिहून टाकलं, लॅब०१ ते लॅब२०.

यूईएफआयवर कर्नल पॅनिक (कर्नल हात वर करतो) येत होता, रूट (मुख्य फाइलसिस्टिम) सापडत नाही म्हणून. माझ्याकडच्या आयपीएक्सईला कर्नलच्या ओळीत इनिटआरडीचं नाव परत एकदा लिहून द्यावं लागतं. बायॉसवर नाही लागत. का ते विचारू नका, दिलं आणि चाललं.

रात्री पावणेअकरा: लॅब०१ एकही कळ न दाबता पूर्ण झालं. कोणीच नव्हतं बघायला. वॉचमनला दाखवलं. तो म्हणाला, बढ़िया है साहब, अब ताला लगा दूँ?

१३ डिसेंबर, शनिवार

लॅब०१ रीस्टार्ट केलं तर परत इन्स्टॉल सुरू. अर्थात, बूटमध्ये नेटवर्क पहिलं आहे आणि मेनूचा डिफॉल्ट डेबियन. डिफॉल्ट बदलून लोकल डिस्क केला, दहा सेकंदात काही निवडलं नाही तर डिस्कवरून. ह्यातही बायॉसवाल्यांना डिस्कचा नंबर सांगावा लागतो आणि यूईएफआयवाल्यांना नुसतं बाहेर पड म्हटलं की पुरतं.

मग उबुंटू २४.०४. इथे डेबियनचा इन्स्टॉलर नाही, २०.०४पासून सर्व्हरला त्यांचा स्वतःचा सबिक्विटी आहे, क्लाउड-इनिटच्या (पहिल्या बूटला मशीन लावून देणारं साधन) पद्धतीनं यूजर-डेटा नावाची यामल फाइल मागतो, आणि बाजूला मेटा-डेटा नावाची फाइल पण पाहिजेच, रिकामी असली तरी चालते पण पाहिजे. पहिली ओळ हॅश क्लाउड-कॉन्फिग, ती नसेल तर तो फाइलीकडे बघतच नाही, तक्रारही करत नाही, गुपचूप नेहमीचे प्रश्न विचारायला लागतो. माझ्या ३४० ओळींच्या हुशारीनं ती ओळ खाल्ली होती कारण ती कॉमेंट वाटली.

नेटवर्कवरून नेहमीचा रस्ता म्हणजे कर्नलला आयएसओचा (अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाइलीत) पत्ता द्यायचा. तो अख्खी आयएसओ रॅममध्ये उतरवतो. आयएसओ तीन जीबीच्या आसपास, रॅम ४ जीबी, आणि त्या रॅममधली निम्मीच तात्पुरत्या फाइलींना मिळते. जागा संपली, पुढे काहीच नाही. दुसऱ्या मशीनची रॅम काढून ८ जीबी केली तर चाललं, पण सगळ्यांना कुठून आणू. शेवटी आयएसओ सर्व्हरवर उघडून एनएफएसवरून (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारी सोय) दिली, मग रॅमची कटकट गेली. हे आधीच करायला पाहिजे होतं.

१४ डिसेंबर, रविवार

उबुंटू लागलं, पण ५०० जीबीच्या डिस्कवर रूट फक्त १०० जीबीचं. चूक नाही, त्यांचा नियमच तसा, एलव्हीएम (डिस्कची जागा नंतरही वाढवता येते ती पद्धत) निवडलं आणि जागा २०० जीबीच्या वर असली की १०० देतो, बाकी राखून ठेवतो. घरी आजी साखरेचा डबा ठेवायची तसं. एक ओळ टाकून पूर्ण घ्यायला सांगितलं.

मुख्य फाइलीत आता उबुंटूसाठी वेगळा अपवाद, डेबियनसाठी वेगळा, असे करत ४६० ओळी झाल्यात. आणि अजून दोन डिस्ट्रो बाकी.

२० डिसेंबर, शनिवार

रॉकी ९. मला वाटत होतं जुन्या कोअर टू डुओवर रॉकी टाकू, ॲडमिनची पोरं काळ्या स्क्रीनवरच तर काम करणार, त्यांना कशाला वेगवान मशीन. किकस्टार्ट लिहिलं, ते चारीतलं सगळ्यात सरळ आहे बरं का, कोणतंही मशीन एकदा हातानं इन्स्टॉल करा, रूटच्या (मुख्य युजरच्या) घरात ॲनाकोंडा (रॉकीचा इन्स्टॉलर) स्वतःच उत्तरांची फाइल ठेवून जातो, तीच उचलून साफ करायची. चुका शोधायला केएस-व्हॅलिडेटर आहे. इतरांनी शिकावं.

लॅब१७ चालू केलं. कर्नल आला, आणि मग फेटल जीलिबसी एरर, सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ सपोर्ट करत नाही, पाठोपाठ कर्नल पॅनिक. चारही मशिनींवर तेच. रेड हॅटनं ९पासून प्रोसेसरची किमान पायरी वर नेली, एसएसई ४.२ वगैरे असलेला पाहिजे, ते इंटेलमध्ये २००८च्या नेहेलेमपासून आलं आणि कोअर टू त्याच्या आधीचा. ह्यात कॉन्फिगचा काही दोष नाही, करण्यासारखंही काही नाही. १०मध्ये तर पायरी अजून वर गेली, एव्हीएक्स२ लागतं, माझ्या आय३मध्ये ते आहे म्हणून कधीतरी जाता येईल, पण ९ला २०३२पर्यंत अपडेट आहेत, घाई नाही.

म्हणून अदलाबदल: कोअर टू डुओवर डेबियन, वाचकांसाठी. रॉकी आय३वर. काकूंना सांगितलं वाचकांना जुनी मशिनी मिळणार, त्या म्हणाल्या वाचकांना पेपर वाचायचाय, रॉकेट नाही सोडायचं.

२१ डिसेंबर, रविवार

पायथनची स्क्रिप्ट उडवली. सगळी.

कारण लिहून ठेवतो म्हणजे पुढच्या वर्षी परत हीच हुशारी सुचणार नाही. डिस्क कापणं हा एकच विषय घ्या. डेबियन एक रेसिपी मागतो, किमान, प्राधान्य, कमाल असे आकडे. किकस्टार्टला दोन शब्द पुरतात, सगळं पुसून आपोआप कर. उबुंटू लेआउटचं नाव मागतो. ऑटोयास्ट एक्सएमएलचं अख्खं झाड मागतो. ह्या चार बोल्या आहेत आणि मी चारींची मिळून एक एस्पेरांतो बनवत होतो, म्हणजे शिकायला पाचवी भाषा, आणि चूक झाली की ती माझ्या भाषेत आहे की त्यांच्या ते आधी शोधा. आमच्या घरी आजोबांची मराठी, आजीची माळवी आणि शेजारच्यांची हिंदी असं सगळं चालायचं, कोणी एकत्र करून एक भाषा काढली नाही, ज्याच्याशी जसं बोलायचं तसं बोललं.

आता प्रत्येक डिस्ट्रोची फाइल हातानं, त्या त्या भाषेत, जितकी लहान होईल तितकी. त्यात फक्त एवढंच: डिस्क, एक युजर, माझी एसएसएच की (दुरून आत जायची किल्ली), पायथन. बाकी डेस्कटॉप, फाँट, वाचनालयाचं बुकमार्क, प्रिंटर हे सगळं नंतर अन्सिबलनं (एका जागेवरून सगळ्या मशिनी लावून देणारं साधन). मशीन एकदा उभं राहिलं की चारही डिस्ट्रो बरीचशी सारखी वागतात, भांडण फक्त जन्माच्या वेळचं आहे. प्रीसीड ३८ ओळी, ऑटोइन्स्टॉल २६, किकस्टार्ट २२.

२७ डिसेंबर, शनिवार

ऑटोयास्ट. लीप १५.६ (ओपनसुसेची आवृत्ती). काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते, मफलर, स्वेटर, हातात थर्मास. मी एक्सएमएल बघून तोंड वाकडं केलं तर म्हणाले, अहो, बँकेत आम्ही ह्याहून वाईट फॉर्म भरलेत.

सगळं वाचून झाल्यावर इन्स्टॉलर सारांशाच्या पानावर थांबतो आणि कोणी ओके म्हणायची वाट बघतो. कन्फर्म फॉल्स लिहिल्यावर थांबायचा बंद झाला. पण त्या टॅगला तो बूलियन (हो-नाही प्रकारचा) आहे हेही वेगळं लिहावं लागतं, नाहीतर त्याला फॉल्स हा नुसता शब्द वाटतो. ११० ओळी झाल्या, ह्याहून कमी जमत नाही.

ह्यातली वाईट बातमी काकांना मीच दिली. लीप १६मध्ये यास्टच (ओपनसुसेचं इन्स्टॉल आणि सेटिंगचं साधन) काढून टाकलंय, अगामा नावाचा नवा इन्स्टॉलर आहे, आणि १५.६चे अपडेट एप्रिल २०२६पर्यंतच. म्हणजे आज लिहिलेली फाइल चार महिन्यांची पाहुणी. काका थोडा वेळ गप्प बसले, मग थर्मासमधला चहा ओतून दिला. एप्रिलमध्ये परत बसू म्हणाले.

३ जानेवारी २०२६

वीसही एकदम लावली. हाच तो दिवस.

आधी लाइट गेली. मग आली. मग सुरू केलं. एप्ट-कॅशर-एनजी सर्व्हरवर आहे त्यामुळे डेबियन-उबुंटूची पॅकेजं बाहेरून एकदाच येतात, रॉकीसाठी अख्खी डीव्हीडी एनजिनएक्सवर उघडून ठेवलीये. एकोणीस मशिनी पस्तीस मिनिटांच्या आत. लॅब०९ रांगत होतं, दीड तास. सगळं तेच, तरी हळू. लिंक बघितली तर गिगाबिटऐवजी १००वर. केबल हॉलच्या कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेली. १००ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, उंदरानं नेमकी तिसरी खाल्ली असावी. केबल बदलली.

एक फजिती माझी. डेबियनच्या आठ मशिनींना हौसेनं मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) आणि देवनागरी कीबोर्ड दिला होता. नुसता देवनागरी. लॉगिनच्या चौकटीत युजरनेम टाइप करायला गेलो तर येतंय देवनागरी. आत जायला इंग्रजी कीबोर्ड पाहिजे आणि तो बदलायला आधी आत जायला पाहिजे. अन्सिबलनं दोन्ही लेआउट टाकले तेव्हा दार उघडलं. आणि कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या काळ्या स्क्रीनवर) मराठी लोकेल ठेवू नका, तिथे अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात.

१० जानेवारी, शनिवार

व्हायचं ते झालं. पायथनच्या वर्गातल्या एका पोरानं, नऊ-दहा वर्षांचा असेल, काकूंच्या कॅटलॉगच्या मशीनवर एफ१२ दाबलं, मेनू दिसला, छान रंगीत आहे म्हणून खाली-वर केलं, आणि रॉकी निवडलं. मीच लिहिलेल्या दोन शब्दांनी मिनिटाभराच्या आत डिस्क साफ. पोरगा मला बोलवायला आला, काका बघा ना, आपोआप चाललंय!

कॅटलॉगचा बॅकअप काकूंच्या पेनड्राइव्हवर बुधवारचा होता, म्हणून वाचलो. गुरुवार-शुक्रवारच्या सत्तावीस पुस्तकांच्या नोंदी मी स्वतः बसून परत टाइप केल्या. काकू एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

संध्याकाळी बदल केला. आता आयपीएक्सई सर्व्हरला मॅक ॲड्रेस सांगतं आणि सर्व्हर ठरवतो. त्या मॅकच्या नावानं परवानगीची फाइल असेल तरच मेनू, नसेल तर सरळ डिस्क. इन्स्टॉल संपताना मशीन स्वतःच सर्व्हरला एक हाक मारतं आणि तिथली परवानगी पुसली जाते, म्हणजे एक परवानगी एकदाच चालते. कॅटलॉगच्या मॅकला कधीच नाही. हे पहिल्या दिवशी सुचायला काय झालं होतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. काकूंनी तिळगूळ दिला, गोड गोड बोल म्हणाल्या, आणि कॅटलॉगचं मशीन आता मुलांच्या रांगेतून काढून माझ्या टेबलाजवळ ठेव म्हणाल्या. ठेवलं.

राहिलेलं: कॅटलॉगचा रोज रात्री सर्व्हरवर बॅकअप. लॅब१९चा पंखा. एप्रिलमध्ये काकांबरोबर अगामा.